सूर्याकडे जाणारा रस्ता

चाकांवर घर घालून हिंडण्याची हौस मनुष्याला आजची नाहीं. आपल्या देशांत लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून, बायकामुलांसह शेंकडों वर्षें हिंडत होते. इराण व मध्य आशियांतील व्यापाऱ्यांचे काफिलेही असेच चालत. त्यांचाच 'कारवान' हा फारसी शब्द इंग्रजींत जाऊन 'कॅरव्हॅन' झाला. परंतु हिंडल्यावांचून ज्याचें पोट भरत नाहीं त्याचें हिंडणें निराळें, आणि घरीं सर्व सुखें असतां हौसेखातर बाहेर पडणाऱ्याचें हिंडणें निराळें. हा दुसरा प्रकार अगदीं अर्वाचीन आहे. आरमारांतून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या ब्रिटिश डॉक्टरानें १८८५ सालीं केवळ प्रवाससुखासाठीं घोड्यांनीं ओढावयाचें एक घर मुद्दाम बांधवून घेतलें, आणि त्यांतून केलेल्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी लोकांचा एक क्लबच निघाला. पुढें घोड्याची जागा मोटारीनें घेतली, आणि फोर्डची साधी मोटार १९२५ च्या सुमारास तीनशें डॉलरांच्या आंत मिळूं लागल्यावर अमेरिकेंत हा छंद कारकून, शिक्षक आणि शेतकरी यांच्याही घरीं शिरला. फ्लॉरिडांतील टँपा येथें १९१९ सालीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' या नांवानें त्यांचा संघ स्थापन झाला. प्रथम राहुटी, मग गाडीवरची कनात, आणि १९३० नंतरच्या दशकांत पक्क्या भिंतींचा, आंत चूल व बिछाने असलेला ट्रेलर, अशा पायऱ्यांनीं हें चाकांवरचें घर पूर्णावस्थेस आलें.

घर बरोबर नेतां येऊं लागलें म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. तें कोठपर्यंत न्यावें? डोंगराच्या पायथ्यापर्यंत, खिंडीपर्यंत, कीं शिखरापर्यंत? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. सृष्टीचें सौंदर्य सर्वांस खुलें करावें, पण खुलें करतांना तें नाहींसें होऊं देऊं नये, हा जो पेंच गेल्या शंभर वर्षांत जगांतील सर्व डोंगराळ प्रदेशांत पडला आहे, त्याचेंच हें एक घरगुती रूप आहे. अमेरिकेंतील एका रस्त्याच्या इतिहासांत या प्रश्नाचीं कांहीं उत्तरें सांपडतात. तीं सर्वच उत्तरें अभिमानास्पद आहेत असें मात्र नाहीं.

रॉकी पर्वताची रांग संयुक्त संस्थानांतून जेथें कॅनडांत शिरते, तेथें मोंटाना संस्थानांत ग्लेशियर नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. ११ मे १९१० रोजीं अध्यक्ष टॅफ्ट यांच्या सहीनें तें अस्तित्वांत आलें. 'उद्यान' या शब्दानें वाचकांनीं फुलझाडें व कारंजीं मनांत आणूं नयेत. येथें आहेत ते हिमनद्यांनीं कोरलेले कडे, खोल दऱ्या, निळीं सरोवरें आणि अस्वलांचीं अरण्यें. पश्चिमेकडील मॅकडॉनल्ड सरोवराकडून पूर्वेकडील सेंट मेरी सरोवराकडे, पर्वताचा कणा ओलांडून, सुमारें ५० मैलांचा एकच रस्ता जातो. एका शेजारच्या शिखरावरून त्याला 'गोइंग-टु-द-सन रोड', म्हणजे सूर्याकडे जाणारा रस्ता, असें नांव पडलें आहे. तो ज्या लोगन खिंडींतून जातो ती ६,६४६ फूट उंच आहे. आपल्या महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारें ५,४०० फूट भरतें. तेव्हां तेथील मोटार आपल्या कळसूबाईच्याही हजाराहून अधिक फूट वर जाऊन पर्वत ओलांडते.

या प्रदेशाचा इतिहास रस्त्यापासून सुरू होत नाहीं. पर्वताच्या पूर्वेकडील मुलूख ब्लॅकफीट नांवाच्या जमातीचा होता. गव्यांचे कळप नाहींसे झाल्यामुळें अन्नाला मोताद झालेल्या या लोकांनीं १८९५ सालीं डोंगराकडील पट्टा १५ लाख डॉलरांस संयुक्त संस्थानांच्या सरकारास दिला. तेथें तांबें व सोनें निघेल अशी गोऱ्या लोकांची आशा होती. सांगण्यासारखें कांहीं निघालें नाहीं. करारांत मात्र एक महत्त्वाचें कलम होतें. ही जमीन सार्वजनिक राहील तोंपर्यंत तेथें शिकार करण्याचा, मासे धरण्याचा व लांकूड तोडण्याचा ब्लॅकफीट लोकांचा हक्क कायम राहावयाचा होता. सरकारच्या बाजूनें हा करार ठरविणाऱ्या तिघांपैकीं एक जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे होते. हे गृहस्थ ब्लॅकफीट लोकांचे खरे स्नेही. त्यांच्या कथा व चालीरीती यांनीं परिश्रमपूर्वक लिहून ठेविल्या. आणि याच ग्रिनेलांनीं १९०१ सालीं एका मासिकांत लेख लिहून, या डोंगरांस खंडाचा मुकुट म्हणून गौरवून, तेथें राष्ट्रीय उद्यान व्हावें म्हणून खटपट चालविली. उद्यान झालें आणि शिकार बंद झाली. डोंगर वांचला, पण ज्यांचा तो होता त्यांच्या कराराचें कलम सरकारच्या लेखीं निर्जीव ठरलें. त्या हक्काचा वाद अजून पुरता मिटलेला नाहीं. मित्राच्या हातूनही केवढा अन्याय घडूं शकतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें हें प्रकरण अवश्य अभ्यासावें.

उद्यान झालें तरी तें पाहणार कोण? आरंभीं ग्रेट नॉर्दर्न आगगाडी कंपनीनें तेथें भव्य हॉटेलें आणि डोंगरांत ठिकठिकाणीं दगडी विश्रामगृहें बांधलीं. श्रीमंत उतारू पूर्वेकडील शहरांतून आगगाडीनें यावयाचे, घोड्यांवर बसून एका विश्रामगृहाहून दुसऱ्यास जावयाचे आणि परत आगगाडींत बसावयाचे. ज्याच्यापाशीं स्वतःची स्वस्त मोटार व एक राहुटी एवढेंच भांडवल होतें, त्याला पर्वताच्या एका बाजूनें दुसऱ्या बाजूस जाण्याचा मार्गच नव्हता. मोटार आगगाडीच्या उघड्या डब्यावर चढवून पलीकडे न्यावी लागे. १९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें निघालें व स्टीफन मेदर हे त्याचे पहिले मुख्य झाले. त्यांनीं ओळखलें कीं, जीं उद्यानें मूठभर धनिकच पाहतात त्यांच्या रक्षणासाठीं लोकशाहींत कोणी हात वर करणार नाहीं. लोकांनीं डोंगर डोळ्यांनीं पाहिला तरच ते त्यासाठीं भांडतील. म्हणून रस्ता पाहिजे. परंतु कसा?

१९२४ सालीं हा वाद ऐरणीवर आला. खात्याचे इंजिनियर जॉर्ज गुडविन यांनीं जो रस्ता आंखला होता तो लोगन ओढ्याच्या दरींतून एकावर एक अशीं १५ माघारी वळणें घेत खिंडीकडे चढणार होता. पैशाच्या दृष्टीनें ती आंखणी सोयीची होती. टॉमस व्हिंट हे खात्याचे तरुण रचनाकार. कोणतेंही बांधकाम सृष्टीच्या शोभेस बाध न आणतां कसें करावें हें पाहणें त्यांचें काम. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, या १५ वळणांनीं दरीचा चेहराच विद्रूप होईल. त्याऐवजीं रस्ता दरीच्या वरच्या अंगाला लांबवर न्यावा, एकच मोठें वळण द्यावें, आणि मग 'गार्डन वॉल' या उभ्या कड्याच्या अंगाअंगानें सावकाश चढत खिंडीस भिडवावा. हा मार्ग लांबीनें अधिक आणि खर्चानेंही अधिक. पण चढ सौम्य, आणि दुरून पाहणारास तो कड्यावरील एका रेघेसारखा दिसणार. सरकारी रस्तेखात्याचे फ्रँक किट्रेज यांनीं त्या वर्षींच्या हिंवाळ्याच्या तोंडावर या मार्गाची मोजणी केली. रोज सकाळीं मोठी चढण चढून कामावर जावयाचें, दोरास लोंबकळत कड्यावर खुणा करावयाच्या, वरून पाऊस व हिम. कामकरी टिकेनात, जितके येत तितकेच सोडून जात. तरी मोजणी पुरी झाली व मेदर यांनीं महाग मार्ग पत्करला.

माझ्या मतें या रस्त्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठा क्षण हाच. सरकारी कामांत स्वस्त आणि महाग यांमध्यें निवड करावयाची असतां महाग तें घ्यावें, आणि तेंही दरींतील एका दृश्याखातर, ही गोष्ट कोणत्याही देशांत विरळा. १९२६ सालीं उद्यानखातें व रस्तेखातें यांच्यांत रीतसर करार झाला. रस्तेखात्यानें बांधावें व उद्यानखात्यानें शोभेवर नजर ठेवावी, ही वांटणी पुढें इतर राष्ट्रीय उद्यानांतही चालू राहिली.

पश्चिमेकडील अवघड भागाचें काम १९२५ सालीं सुरू झालें. वर्षांतून थोडेच महिने काम चाले. उरलेला काळ हिमाचा. सुरुंग बेतानें उडवावयाचे, म्हणजे खालचीं झाडें व कडे यांस इजा होऊं नये. कठडे त्याच डोंगराच्या दगडांचे बांधावयाचे, म्हणजे ते परके दिसूं नयेत, अशी दक्षता घेण्यांत आली. पश्चिमेच्या बाजूस १९२ फूट व पूर्वेच्या बाजूस ४०८ फूट लांबीचा, असे दोन बोगदे खोदले. या कामावर तीन मजुरांचे प्राण गेले. १९३२ च्या शरद्ऋतूंत पूर्व व पश्चिम जोडल्या गेल्या, आणि १५ जुलै १९३३ रोजीं लोगन खिंडींत उद्घाटनाचा समारंभ झाला. चार हजारांवर माणसें जमलीं होतीं. ब्लॅकफीट, कूटने व फ्लॅटहेड या जमातींचे लोकही मानानें बोलावले होते. ज्या डोंगरांत शिकारीस जाणें त्यांना आतां गुन्हा ठरलें होतें, तेथेंच त्यांनीं पाहुणे म्हणून उभें राहावें, यांतील उपरोध त्या दिवशीं कितीजणांस जाणवला असेल कोण जाणे. मेदर मात्र हा दिवस पाहावयास राहिले नव्हते. ते १९३० सालींच निवर्तले.

आतां या रस्त्यावरील एक दिवस कसा जातो तें पाहूं. कारण मेदर आणि व्हिंट यांनीं काय साधलें तें प्रवाशाच्या दिनक्रमांतच उघड होतें. चाकांवरचें घर घेऊन आलेलें कुटुंब मॅकडॉनल्ड सरोवराच्या कांठच्या एखाद्या तळावर मुक्काम करतें. पहाटे चहा घेऊन बापानें पहिली गोष्ट करावयाची ती ही कीं, ट्रेलर मोटारीपासून सोडून झाडाखालीं उभा करावयाचा. आपले शेतकरी मुक्कामास पोंचल्यावर बैल सोडतात. येथें खरा प्रवास सुरू होण्यापूर्वींच गाडी सोडावी लागते. कारण डोंगरी भागांत २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनास मनाई आहे. साधी मोटारच १५-१६ फूट असते. तिच्यामागें घर जोडलें कीं मर्यादा ओलांडलीच. रस्ता १९३० सालच्या मोटारींच्या मापानें बेतलेला; एका अंगास कड्याचे दगड रस्त्यावर झुकलेले, दुसऱ्या अंगास बुटका कठडा व त्याखालीं दरी. मोठ्या गाड्यांसाठीं कडा फोडून रस्ता रुंद करणें यंत्रयुगांत अवघड नव्हतें. तसें केलें नाहीं. डोंगरानें गाडीच्या मापाचें व्हावें, असा हट्ट न धरतां गाडीनेंच डोंगराच्या मापाचें व्हावें, असें ठरलें.

सोडलेली मोटार हलकी होऊन निघते. प्रथम दहा मैल सरोवराचा कांठ, मग देवदारांच्या जातीच्या जुन्या वृक्षांची गर्द सावली. येथवर चढ जवळजवळ नाहींच. पुढें व्हिंट यांचें तें एकमेव माघारी वळण येतें. तेथून दिशा बदलतें तें दृश्य असें कीं, गाडींतील बोलणीं आपोआप थांबतात. डावीकडे गार्डन वॉलचा उभा कडा, त्यावरून कोठें कोठें पाणी थेट रस्त्यावर गळतें. उजवीकडे दरी, आणि तिच्या पलीकडील डोंगरावरून 'बर्ड वुमन' हा धबधबा पांढऱ्या दोऱ्यासारखा लोंबत असतो. सरोवरापासून खिंडीपर्यंत साडेतीन हजार फुटांची चढण चढलों हें प्रवाशाला कळतही नाहीं, इतका चढ सारखा ठेविला आहे. खिंडीच्या पूर्वेस हिंवाळ्यांत वाऱ्यानें हिमाचा जो प्रचंड ढीग सांचतो तो यंत्रांनीं फोडून वाट मोकळी करण्यास वसंतांतील कित्येक आठवडे लागतात. बहुधा जून उलटतां उलटतां किंवा जुलैच्या आरंभीं रस्ता खुला होतो.

परंतु खिंडींत पोंचलेल्या मनुष्यानें डोंगर पाहिला असें म्हणतां येईल काय? मोटारीच्या कांचेंतून दिसतें तें चित्र; डोंगर पायांनींच कळतो. या उद्यानांत पर्वत ओलांडणारा मोटारीचा रस्ता एकच, पण पाऊलवाटा मात्र ७०० मैलांहून अधिक आहेत. या प्रमाणांतच त्याच्या रक्षणकर्त्यांचें शहाणपण सांठलें आहे. त्यांपैकीं 'हायलाइन' नांवाची वाट लोगन खिंडीपासूनच निघते. आरंभींच ती गार्डन वॉलच्या अंगांत कोरलेल्या अरुंद पायरीवरून जाते. खालीं शेंदीडशें फूट तुटलेला कडा आणि त्याच्या तळाशीं तोच मोटारीचा रस्ता. धरावयास कड्याला तारेचा दोर लावलेला आहे. पुढें वाट रुंदावते. पांढऱ्या डोंगरी शेळ्या, शीळ घालणारे मार्मट आणि आखूड उन्हाळ्यांत घाईघाईनें फुललेलीं कुरणें यांच्या सोबतीनें साडेसात मैल चालल्यावर ग्रॅनाइट पार्क हें आगगाडी कंपनीनें बांधलेल्या विश्रामगृहांपैकीं एक दिसतें. तेथून चार मैलांवर उतार उतरून वाट त्या मोठ्या वळणापाशीं पुन्हां रस्त्यास मिळते. एकंदर चाल बारा मैलांच्या आंतबाहेर. वर एका ठिकाणीं चढावें व खालीं दुसऱ्या ठिकाणीं उतरावें अशा या चालीमुळें, आणि खिंडींत मोटारी ठेवण्यास जागा थोडी म्हणून, २००७ सालीं उद्यानानें या रस्त्यावर प्रवाशांसाठीं बसगाड्या सुरू केल्या.

ग्रॅनाइट पार्कच्या ओसरीवर बसून भाकरी सोडणाऱ्या प्रवाशाला तेथील एक आठवण ठाऊक असावी. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत या विश्रामगृहाचें उष्टें-खरकटें रोज रात्रीं मागच्या बाजूस टाकीत, आणि तें खावयास येणारीं ग्रिझली अस्वलें पाहणें हा पाहुण्यांचा करमणुकीचा कार्यक्रम झाला होता. अस्वलांची माणसाविषयींची भीति गेली. १९६७ च्या ऑगस्टांत, १२ व १३ तारखांमधील एकाच रात्रीं, येथें एक व दूर दुसऱ्या सरोवराकांठीं एक, अशा एकोणीस एकोणीस वर्षांच्या दोन तरुणी उघड्यावर निजल्या असतां अस्वलांच्या हल्ल्यांत प्राणांस मुकल्या. उद्यान झाल्यापासून ५७ वर्षांत अस्वलानें मनुष्य मारला नव्हता. त्यानंतर नियम बदलले. आज तळावर अन्नाचा कण उघडा ठेवतां येत नाहीं. तो पक्क्या भिंतींच्या गाडींत किंवा लोखंडी पेटींत बंद करावा लागतो. चाकांवरच्या घराची खरी उपयुक्तता येथें दिसते. माणसाचा संसार अरण्यांत सांडूं न देणें, हें त्याचें एक काम आहे.

चालणारा धट्टाकट्टा असेल तर विश्रामगृहाच्या अलीकडून एक आडवाट धरून, सुमारें पाऊण मैलाच्या उभ्या चढणीनें, गार्डन वॉलच्या माथ्यावरील खिंडारांत पोंचतो. पलीकडे खालीं ग्रिनेल यांच्याच नांवाची हिमनदी दिसते. ज्या उद्यानास हिमनद्यांवरून नांव मिळालें, तेथें १८५० च्या सुमारास अशा दीडशेंच्या आसपास हिमनद्या होत्या असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. थंडीचा तो दीर्घ काळ संपल्यावर त्या ओसरूं लागल्या. पुढें कोळसा व तेल जाळून मनुष्यानें हवेंत सोडलेल्या वायूंनीं जगाचें उष्णमान वाढलें, तसें तें ओसरणेंही वाढलें. २०१५ च्या मोजणींत २५ एकरांहून मोठ्या अशा अवघ्या २६ राहिल्या होत्या. १९६६ पासूनच्या पन्नासएक वर्षांत येथील नांवाजलेल्या हिमनद्यांचें क्षेत्र सरासरीनें शेंकडा ३९ नीं घटलें. २०२० पर्यंत सर्वच नाहींशा होतील अशा अर्थाचे फलकही उद्यानांत लागले होते. तें साल उलटूनही कांहीं हिमनद्या शिल्लक राहिल्यामुळें ते बदलावे लागले. भाकित चुकलें, पण दिशा चुकली नाहीं. खिंडारांतून पाहणाऱ्याला खालीं बर्फापेक्षां त्याच्या वितळण्यानें झालेलें तळेंच अधिक दिसतें.

येथें मेदर यांचा हिशेब अपुरा पडला, असें म्हणणें भाग आहे. लोकांनीं डोंगर पाहिला तर ते तो राखतील, ही त्यांची श्रद्धा. लोक आले, अलीकडे वर्षाला तीस लाखांच्या आसपास येतात, आणि गर्दी आवरेना म्हणून २०२१ सालीं या रस्त्यासाठीं आगाऊ परवाना घेण्याचा नियम प्रथम करावा लागला. त्यांनीं दरी राखली, शेळ्या राखल्या, पुढें अस्वलांशींही नीट वागावयास ते शिकले. पण बर्फ राखणें उद्यानाच्या हद्दींत होणारें काम नव्हे. ज्या मोटारीनें गरिबाला डोंगर दाखविला तिचाच धूर, जगांतील अशा कोट्यवधि धुरांत मिसळून, त्या बर्फावर येऊन पडतो. येथें कठडा बांधून किंवा फुटांची मर्यादा घालून भागत नाहीं.

तरीही या रस्त्याचा धडा फुकट गेला असें मला वाटत नाहीं. तो रस्ताच नको होता असें म्हणणाऱ्यांचा पक्ष मी ऐकला आहे. त्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, मग तो डोंगर आगगाडीच्या धनिक उतारूंपुरताच ठेवावयाचा काय? आणि सर्व डोंगर फोडून सर्व वाहनांस खुला करा म्हणणारांस त्या दरीचें उत्तर पुरेसें आहे. १९२४ सालीं थोडा अधिक पैसा व थोडें अधिक कष्ट पत्करून जें राखलें तें शंभर वर्षांनींही राहिलें. १८९५ च्या करारांतील शब्द राखावयास तर पैसाही लागत नव्हता. तो राखला नाहीं, आणि ती लाज अद्याप त्या डोंगरांवर आहे. राखलेल्या व न राखलेल्या, दोन्ही गोष्टींचा हिशेब इतिहास सारख्याच अक्षरांनीं लिहितो.

सूर्य सरोवराआड गेल्यावर मोटार पुन्हां तळावर येते. मुलें थकून झोंपलेलीं असतात, आणि झाडाखालीं सोडलेलें घर सकाळीं होतें तेथेंच उभें असतें. तें वर नेलें नाहीं म्हणून कोणाचें कांहीं अडलें असें नाहीं. आपल्याबरोबर काय न्यावें हें सुधारलेल्या मनुष्यास चांगलें समजूं लागलें आहे; काय मागें ठेवावें हें समजावयाचें अजून बरेंच उरलें आहे.